मांडवाचं पाणी

तंबूकाकांच्या दुकानातून कुठलंही नवीन कापड आंघोळ केल्याशिवाय बाहेर पडत नसे. हे वाक्य काकांचं नव्हे, काकूंचं. गिऱ्हाईक दारात उभं राहून घाई करू लागलं, की आतल्या खोलीतून काकूंचा आवाज येई, "आमच्याकडे कापड न्हाऊन-धुऊन मगच सासरी जातं. उद्या या." गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, पण हसून परत जाई.

काकांचा धंदा जाड सुती कॅनव्हास शिवायचा. ट्रकवरची आच्छादनं, दुकानांपुढची कापडी छपरं, समारंभांचे मांडव आणि तंबू. त्यांना तंबूकाका हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण सख्खे नातेवाईकसुद्धा त्यांना त्याच नावानं ओळखत. उजव्या तळव्यावर चामड्याचा पट्टा, हातात बोटाएवढी लांब सुई, शेजारी मेणाचा गोळा. दोरा मेणातून ओढायचा, टाका घालायचा, तळव्यानं सुई रेटायची, पुन्हा ओढायचा. एवढं मोठं आयुष्य, पण त्याचा आवाज एवढाच, दोरा कापडातून सरकल्याचा.

ह्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॅनव्हास शिवला की प्रत्येक टाक्याच्या जागी सुईचं भोक राहतं. कोरं कापड तसंच पावसाखाली नेलं, तर शिवणीच्या रेघेनं थेंब गळतात. तेच कापड आधी चांगलं भिजवून वाळवलं, की दोरा फुगतो, वीण आवळते आणि भोकं मिटून जातात. मग वरून आभाळ कोसळलं तरी चिंता नाही. म्हणून काका नवीन कापड मागच्या अंगणात पसरून त्याच्यावर नळ सोडून देत. हे त्यांना त्यांच्या वस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण शिकवलेलं डोक्यात राहतं, आणि फजिती झालेली हाडात उतरते. काकांच्या हाडात ते त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी उतरलं.

त्या लग्नाकडे येऊच. आधी काकूंचं सांगते.

काकूंना साधा ताप आला, अंगावर काढला, तो छातीत उतरला. बरेच दिवस इस्पितळात काढून त्या घरी आल्या त्या अर्ध्या होऊन. ताप गेला, खोकला बराच कमी झाला, पण अन्नावरची वासना काही परत आली नाही. दोन घास घेतले की "नको हो" म्हणत आणि भिंतीकडे तोंड फिरवत. डॉक्टरीणबाई माणूस म्हणून चांगल्या, पण बोलायला सरळसोट. त्यांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की येत्या गुरुवारी वजन बघू, ते आणखी उतरलं तर परत भरती करावं लागेल, आणि नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. हे बोलणं बाजूला झालं खरं, पण काकूंचे कान पहिल्यापासून तिखट. घरी येताना रिक्षात त्यांनी एवढंच म्हटलं, "परत तिथं नेऊ नका मला."

काकांनी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण ते हातात कुणाच्या होतं?

खरं सांगायचं तर, काकू जेवत नव्हत्या त्याहून काकांना दुसऱ्याच गोष्टीची जास्त धास्ती वाटत होती. काकू टोमणे मारत नव्हत्या. ज्या बाईनं नवऱ्याला आयुष्यात एक दिवस सुका सोडला नाही, ती आता चहा सांडला तरी गप्प राही. बनियन उलटं घातलं तरी गप्प. काका मुद्दाम चपला घालून स्वयंपाकघरात फिरून आले, तरी पलंगावरून शब्द नाही. त्यांना घर एकदम परकं वाटायला लागलं.

लेक जवळच राहायची, पोस्टात खिडकीवर कामाला होती. सकाळ-संध्याकाळ येऊन आईचं बघून जायची. तिनं पेज करून पाहिली, खिमट करून पाहिलं, दुधात फळं कुस्करून पाहिली. काकू चव घेत आणि वाटी सरकवत. शेवटी काका म्हणाले, मी सूप करतो. लेकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी विमान चालवतो म्हटलं होतं.

भाज्यांचं सूप म्हणजे काकूंच्या हातची खूण. घरात कुणी आजारी पडलं, कुणी नापास झालं, कुणी भांडून आलं, की काकू मोठं पातेलं चढवत. त्यात काय काय असतं हे मात्र काकांना कधी पाहावं लागलं नव्हतं. ते कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेले आणि पिशवी हातात धरून नुसतेच उभे राहिले.

"काय शिवायचंय आज?" भाजीवालीनं विचारलं.

काकांनी सूपाला काय लागतं ते विचारलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं गिळलंत ते काय होतं, तुम्हालाच ठाऊक नाही होय?" पण बोलता बोलता तिचे हात चालू होते. गाजर, बटाटे, भोपळ्याची फोड, कोबीचा छोटा गड्डा, फरसबी, कांदे, लसूण. काकू नेहमी हेच नेतात, म्हणाली. वर मूठभर मटार घातले आणि हे माझ्याकडून म्हणून काकूंना सांगा, असं बजावलं.

काकांनी सूप त्यांच्या धंद्यासारखंच केलं. टेप लावून गाजरं कापली. टेप लावून म्हणजे खरोखर टेप लावून, सगळे तुकडे एका मापाचे. लेकीनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन हसून आली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती, तेव्हा काकांनी राग मानला नाही. पहिल्या दिवशी बटाटे कच्चे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं मऊ शिजवलं, घोटलं, वर लोण्याचा गोळा सोडला. असं दाट, की पळी उभी राहावी. अंगात ताकद यायला हवी ना.

काकूंनी तीन चमचे घेतले. चौथा नाकारला. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

ते "चांगलं झालंय" काकांना फारच लागलं. चांगलं झालंय असं काकू फक्त परक्यांना म्हणत.

बुधवारी सकाळी लेकीनं उरलेलं सूप चाखलं. जीभ टाळ्याला लावून विचार केला. "सगळं आहे बाबा, पण आईचं लागत नाही." मग दाराशी चप्पल घालता घालता तिला आठवलं. "मांडवाचं पाणी! ते तुम्ही घातलंच नाहीत."

"ती थट्टा होती गं," काका म्हणाले.

"थट्टा असू दे, पण आई दर वेळी घालायचीच ना?" असं म्हणून ती कामाला गेली.

काका रिकाम्या स्वयंपाकघरात बसून राहिले. आता त्या लग्नाकडे यायला हरकत नाही.

काकूंचे वडील घड्याळं दुरुस्त करत. परिस्थिती बेताची, पण माणूस मानी. लेकीचं लग्न घरामागच्या मोकळ्या आवारात करायचं ठरलं. जेवण साधंच होतं. मोठ्या पातेल्यात भाज्यांचं सूप, टोपल्यांतून ताजा पाव, शेवटी काहीतरी गोड. पण आलेला माणूस पोट भरून उठला पाहिजे, ह्यावर त्यांचा फार कटाक्ष. नवरदेवानं सासऱ्यांना निरोप धाडला, की मांडवाची काळजी करू नका, मी स्वतः शिवून आणतो. आणि शिवलाही. दुधासारखं पांढरं कोरं कापड, आणि टाका असा की दुरून दिसूच नये.

वस्ताद म्हणाले, भिजवून घे. पण कॅनव्हास पहिल्यांदा भिजला, की वाळताना त्याच्यावर पिवळट ओघळ उमटतात. आपल्या नवरीच्या डोक्यावर डागाळलेलं छत? काकांच्या जिवाला ते काही पटेना. दिवस पावसाचे नव्हते, आभाळ निरभ्र होतं. तसाच कोरा मांडव त्यांनी उभा केला, आणि माणसं मान वर करून वाहवा करू लागली.

लग्न लागलं, मोठ्यांच्या पाया पडून झालं, आणि आभाळ भरून आलं. मग असा कोसळला, की समोरचं घर दिसेना. मांडवात प्रत्येक शिवणीखाली थेंबांची एक सरळ रेघ लागली. पाहुण्यांनी खुर्च्या उचलून दोन शिवणींच्या मधे लावल्या, तेव्हा सगळे परीक्षेला बसल्यासारखे रांगेत दिसायला लागले. नवरीचा एक काका ओरडला, "जावईबापू, पाऊसही शिवूनच आणलात काय?" नवरदेवाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पण खरा घोर दुसराच होता. गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. जे लोक लग्न लावून परस्पर जाणार होते ते अडकले. ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते शेजारी पोराबाळांसह मांडवात आले. वाजंत्रीवाले थांबले, रस्त्यावरचे दोघे-चौघे आडोशाला शिरले. पाव होता, बेकरीवाला शेजारीच. सूप मात्र होतं तेवढंच. काकूंचे वडील एकदा पातेल्यात बघत, एकदा माणसांकडे बघत, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

त्याच वेळी नवरदेवाला कनातीच्या फटीतून पलीकडचं दिसलं. नवरी उठून पातेल्याशी गेली होती. हातात चहाची ॲल्युमिनियमची किटली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, किटली पातेल्यात ओतली, ढवळलं. पुन्हा पाण्याच्या पिंपातून भरून आणली, पुन्हा ओतली. मूठभर मीठ टाकलं आणि शहाण्यासारखी जागेवर येऊन बसली.

वाढप सुरू झाल्यावर नवरीच्या मावशीनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, सूप अगदीच पाणचट झालंय की. सगळ्यांचे चमचे थांबले. वडिलांनी मान खाली घातली. आणि नवरी फटकन म्हणाली, "होणारच. ह्यांचा मांडव गळतोय ना, धार पातेल्यातच लागली होती."

मांडवभर हशा उसळला. सगळे नवरदेवाकडे वळले. वडिलांनी मान वर केली आणि तेही हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईतो हसले.

नवरदेवानं वर पाहिलं. पातेल्याच्या डोक्यावर शिवण नव्हतीच. तिथं कापडाचा सलग पन्हा होता, एक टाका नाही. त्यानंच तर शिवला होता. आणि दोरा पाणी पिऊन फुगला होता, भोकं मिटली होती. बाहेर पाऊस नुसता थैमान घालत होता, पण मांडव जेवणाआधीच गळायचा थांबला होता. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. नवरदेवानं बोलायला तोंड उघडलं, सासऱ्यांचा हसरा चेहरा पाहिला आणि पाव तोंडात घातला.

पुढे सासरे पुष्कळ वर्षं जगले, आणि भेटेल त्याला सांगत राहिले, की जावयाचा मांडव गळला म्हणून, नाहीतर आमचं सूप काय दाट होतं! त्यांच्या हयातीत बोलणं शक्यच नव्हतं. ते गेले, आणि तोवर गप्प राहायची सवय झाली होती. घरी सूप झालं, की काकू शेवटी एक वाटी पाणी वरून घालत आणि म्हणत, "हे तुमच्या मांडवाचं." काका वाडगा पुढे करत आणि म्हणत, "वाढ." लेक हे ऐकत मोठी झाली, जावयाला हे पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आलं, भाजीवालीलाही ते पाठ होतं.

आपण आयुष्यभर त्या वाटीभर पाण्यासकट जेवलो, हे काकांच्या त्या बुधवारी लक्षात आलं. आणि हेही लक्षात आलं, की स्वयंपाकघरात गुपचूप घातलं तर ते नुसतं पाणी.

दुपारी त्यांनी सूप पुन्हा केलं. ह्या वेळी घोटलं नाही, लोणी घातलं नाही. मनातल्या मनात देवाला हात जोडले. फळीवरची जुनी किटली उतरवली. तीच किटली, बुडाला चेपलेली, आता मेण वितळवायच्या भांड्यांमागे पडलेली. घासून लख्ख केली, पाणी उकळून गार करून तीत भरलं, आणि पातेलं आणि किटली घेऊन काकूंच्या खोलीत गेले. पलंगाशेजारी स्टुलावर पातेलं ठेवलं आणि वरून किटलीची धार सोडली.

काकू पापण्यांच्या फटीतून बघत होत्या.

"काय चाललंय?"

"मांडवाचं पाणी."

काकूंनी हनुवटी उचलून धार पाहिली. मग म्हणाल्या, "पुरे. पाणचट होईल."

"लग्नात तू दोन किटल्या घातल्यास, तेव्हा नाही झालं?"

हे तोंडातून निघून गेलं. निघायचंच होतं बहुतेक. काकूंनी मान वळवली आणि पूर्ण डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? कनातीच्या फटीतून पाहिलं मी. आणि पातेल्यावर शिवण कुठं होती? सलग पन्हा होता तिथं."

"तेव्हापासून ठाऊक आहे?"

"तेव्हापासून."

"आणि मी आपली येईल-जाईल त्याला सांगतेय..." काकू उठून बसायला लागल्या. काकांनी पाठीशी उशी दिली. "एकदाही बोलला नाहीत?"

"मांडव गळलाच होता की," काका म्हणाले. "त्यात आणखी दोन किटल्या माझ्या नावावर पडल्या. तुझ्या वडिलांची मान तरी वर राहिली."

काकूंना हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबला तेव्हा त्या रडत होत्या. काका घाबरले, पाठ चोळायला लागले. काकूंनी त्यांचा हात बाजूला केला आणि पदरानं तोंड पुसलं.

"दर वेळी ती वाटी ओतताना मी मनात देवाची माफी मागत होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, गरीब माणसावर आळ घेतलाय, आणि ते बिचारं वाडगा पुढे करतंय. तोंडानं टोमणा मारायचे, म्हणजे तुम्हाला संशय यायला नको."

"मग देवानं केलं असेल माफ. इतक्या वेळा मागितलीस तर."

"देवाचं सोडा. तुम्ही काय केलंत?"

"मी जेवलो," काका म्हणाले.

काकूंनी हात पुढे केला. काकांना आधी कळेना, मग कळलं आणि त्यांनी घाईनं वाडगा भरून दिला. काकूंनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला थांबल्या.

"मीठ कुठंय ह्यात?"

काका मीठ आणायला असे धावले, की दारात अडखळले. चपला पायात होत्या.

"आणि स्वयंपाकघरात चपला," पलंगावरून आवाज आला.

वाडगा संपला नाही, अर्ध्याच्या वर गेला. गाजरं शिवायला घेतली होती की खायला, हेही विचारून झालं. मग काकू टेकून बसल्या आणि जरा काळजीनं म्हणाल्या, की आता पुढे टोमणा कुठला मारायचा? होता तो तर तुम्ही काढून घेतलात.

"तोच मार," काका म्हणाले. "लेकीला काही सांगायचं नाही. तिचे आजोबा जसे होते, तसेच राहू देत तिच्यापाशी."

संध्याकाळी लेक आली, तिनं उभ्या उभ्या पातेल्यातला चमचाभर घोट घेतला आणि म्हणाली, "हं, आता आईचं लागतंय." आईनं आणखी अर्धा वाडगा मागितला, तेव्हा ती बाबांकडे बघतच राहिली. काकांनी खांदे उडवले आणि किटली उचलून फळीवर ठेवली. ह्या वेळी पुढच्या बाजूला.

गुरुवारी काकू वजनकाट्यावर चढल्या तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले होते. काटा वर गेला नव्हता, पण खालीही सरकला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून आकडा पुन्हा पाहिला. म्हणाल्या, ठीक आहे, नळीचं राहू दे, पुढच्या आठवड्यात या. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, की एकदम खायला कसं काय लागलात, दिलं तरी काय ह्यांनी?

बाहेर रोग्यांची रांग होती. काकूंनी खुर्ची जवळ ओढली.

"काही नाही हो बाई, पाणी," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नात ह्यांनी एक मांडव शिवला होता. इतका गळका, की काय सांगू तुम्हाला..."

काकांनी पायांतल्या चपलांकडे पाहिलं, आणि नेहमीसारखी मान खाली घालून ऐकत राहिले.